हस्तिदंती म्हाताऱ्याची कवळी

त्या चिनी म्हाताऱ्याच्या तोंडात माझा दात होता. हसा, हसा तुम्ही, पण मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये. भिंग डोळ्याला लावलेलं, टेबलावरचा दिवा खाली ओढलेला, आणि समोर तो वीतभर उंचीचा हस्तिदंती कोळी, खांद्यावर जाळं, बगलेत मासा, दाढी छातीपर्यंत, आणि तोंड उघडून असा हसतोय की बघणाऱ्यालाही हसू यावं. मी बघत होते त्याच्या दातांकडे. वरची ओळ सरळ, कंगव्यासारखी. खालची ओळ मात्र जिवंत. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक दात, आणि त्यातला एक, उजवीकडून सुळ्याच्या अलीकडचा, शेजारच्याच्या अंगावर जरासा कलंडलेला. गर्दीत झोप लागलेल्या माणसासारखा. मला आधी नुसतं छान वाटलं. मग माझी जीभ आपोआप माझ्या स्वतःच्या खालच्या दातांवर गेली, उजवीकडे, सुळ्याच्या अलीकडे, आणि तिथे तो होता. तोच. तितकाच कललेला, त्याच शेजाऱ्याच्या अंगावर. मी भिंग काढलं, डोळे चोळले, पुन्हा लावलं. म्हातारा हसतच होता. आता तर माझ्याकडे बघून हसतोय असं वाटलं, जसं लग्नात एखादा लांबचा काका आपल्याला ओळखतो आणि आपण त्याला ओळखत नाही.

तर आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. लोक जुन्या वस्तू आणतात, आम्ही सांगायचं, खरी आहे का, कधीची आहे, केवढी मोलाची आहे. मी तिथे लागले तेव्हा मला दोन कपाटं झाडायला दिली होती आणि चिनी हस्तिदंताच्या मूर्तींचा एक खोका, शिकायला. त्यात निम्म्या खोट्या होत्या, मुद्दाम ठेवलेल्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य पारखी, म्हणाल्या, "खऱ्याकडे बघत बसू नकोस, पोरी. खऱ्याचा मोह पडतो. खोट्यांशी मैत्री कर, ते जास्त बोलतात." आणि खरंच बोलायला लागले. राळेतून ओतलेली मूर्ती हातात घेतली की लगेच कोमट होते, चापलुसी करणाऱ्यासारखी. तिच्या कुशीला साच्याची शिवण असते, कितीही घासली तरी. हाडाची मूर्ती भिंगाखाली सगळीकडे बारीक बारीक टिंबं दाखवते, हाडात रक्त खेळायचं त्या वाटा. आणि हस्तिदंत? हस्तिदंत थंड. ओठाला लावला तर आधी परका वाटतो, मग हळूहळू, अगदी हळूहळू, तुमची ऊब घेतो आणि सोडत नाही. मी सगळ्या मूर्ती ओठाला लावते. ऑफिसात ह्यावरून मला पाप्या घेणारी म्हणतात. म्हणू देत. आणि त्याला जाळी असते, आडवा कापला की दिसते, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची, कुणी पेन्सिलीने काढावी तशी. ती जाळी हत्तीच्या कुळाशिवाय दुसऱ्या कुठल्याच दातात नाही. मूर्तीच्या तळाला बघायची, डोक्यावर बघायची, जिथे जिथे आडवं सपाट असेल तिथे. लोक काय करतात, सुई तापवून खुपसतात, जळतंय का बघायला. अशी भोकं पडलेली एक बिचारी देवी आमच्याकडे आली होती, पाठीला चाळण. मला रडूच आलं. तळाला राजाची मोहर असली तर लोक खूश होतात. आम्ही आधी संशय घेतो.

तर हा कोळी माझा होता. म्हणजे माझा एकटीचा. बाईंनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला, म्हणाल्या, "ह्याचा रिपोर्ट तू लिही. सही पण तूच कर. सोबत माझी नाही येणार." बाई बोलून निघून गेल्या आणि मी खुर्चीतून उठून पुन्हा बसले. तुम्हाला कळणार नाही ते. आमच्याकडे एकट्याच्या सहीचा रिपोर्ट म्हणजे, कसं सांगू, म्हणजे तुम्ही सांगितलंत की ते खरं. कुणाच्या सावलीत नाही. ती सही मी घरी आरशासमोर... नाही, आरशासमोर सही कोण करतं, पण कागदावर केली होती, पान भरून, शेवटच्या अक्षराची शेपटी कुठे थांबवायची ते ठरवत. आई म्हणाली होती, "चेकवर करतेयस का एवढी? शिल्लक किती आहे खात्यात?"

मूर्ती आणली होती एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर होते, गेले. हा कोळी त्यांच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात असायचा, खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या बरोब्बर समोर. डॉक्टरीणबाई माझ्या टेबलाशी बसून म्हणाल्या, "आमचे हे म्हणायचे, असे दात माझ्या एकाही पेशंटचे नाहीत, ह्याला फी माफ." आणि मग रुमाल काढला त्यांनी, पण डोळ्यांसाठी नाही, मूर्तीच्या डोक्यावरची धूळ पुसायला. मूर्ती त्या म्युझियमला देणार होत्या. हस्तिदंत आता विकता येत नाही, विकायचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की तो दर्शनी दालनात उभा राहावा आणि खाली डॉक्टरांचं नाव असावं. आणि म्युझियमचा नियम होता, दर्शनी दालनात अखंड वस्तूच. जोडलेली असेल तर आतल्या खोलीत, अभ्यासकांसाठी. म्हणजे माझ्या एका ओळीवर हे सगळं. अखंड, की नाही.

आणि मी मनातल्या मनात अखंड लिहून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू. तळाला जाळी स्पष्ट होती, ठसठशीत, हत्तीचीच. म्हातारा जरासा मागे रेलून उभा होता, तो हत्तीच्या सुळ्याचा मूळचा बाक, कोरणाऱ्याने तो वाया न घालवता त्याचं हसताना मागे जाणं केलं होतं. काय डोकं असेल त्या माणसाचं! केसांत काळी शाई भरलेली, ती जुनी, भेगांत उतरलेली. पाठीचा रंग मधासारखा, पोटाचा फिकट, वर्षानुवर्षं एका बाजूने उजेड खाल्लेला. सगळं जमत होतं. आणि सगळ्यात जास्त जमत होतं ते हसू. मी तर बाईंना सांगूनही आले होते, "दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी असं हसलंय आणि कुणीतरी ते बघितलंय." बाई म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये कविता नको."

आणि मग तो दात.

आता माझ्या दाताबद्दल सांगते, कारण तो माझाही नाही. तो आईचा. आईच्या खालच्या ओळीत उजवीकडे तो तसाच कललेला आहे, माझ्याकडे तिथूनच आला, नाकाबरोबर आणि भांडखोरपणाबरोबर. आणि आमचे बाबा कवळ्या करतात. तुम्हाला माहितीय, पण तुम्हाला वाटतं कवळी म्हणजे गुलाबी प्लास्टिक आणि पांढरे दात, ग्लासात पडलेले. बाबांची कवळी ग्लासात पडलेली बघितली तरी वाटतं आत्ता काहीतरी बोलेल. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, बाबा मेणात दात मांडतात, एकेक, चिमट्याने, आणि मान तिरकी करून बघतात, आणि पुन्हा हलवतात. लहानपणी मी त्यांच्या टेबलाखाली बसून मेणाचे तुकडे मळायचे. बाबा वर स्वतःशी बोलत असायचे. "असं नको उभं राहू. शाळेची प्रार्थना आहे का?" दाताला. दाताला बोलायचे! त्यांचं म्हणणं, सरळ ओळीत उभे राहिलेले दात खोटे दिसतात. माणूस खोटा दिसत नाही, पण दात दिसतात, आणि मग माणूस तोंड झाकून हसायला लागतो. म्हणून ते प्रत्येक कवळीत एक दात बिघडवतात. खालच्या ओळीत, उजवीकडे, सुळ्याच्या अलीकडे. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मीच एकदा विचारलं, "हाच का?" तर म्हणाले, "माझ्या डोळ्याला तोच बरोबर वाटतो." आई आतून ओरडली, "लग्नाआधी म्हणत होते तो दात सरळ करून घे!"

रस्त्यात आम्ही दोघं चालत असलो की कुणीतरी समोरून यायचं, बँकेतले आजोबा किंवा वाण्याची आई, आणि बोलायला तोंड उघडलं की मला दिसायचा. आईचा दात. परक्या तोंडात. मी बाबांचा हात दाबायचे. बाबा समोर बघत, ओठ न हलवता म्हणायचे, "बघू नकोस." कुणाचे दात आपले आहेत हे सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. आईलासुद्धा नाही. माणूस त्यांच्याकडे येतो कारण त्याला विसरायचं असतं, आणि बाबा त्याच्यासोबत विसरतात. पण हात त्यांचाही दाबला जायचा, मला जाणवायचं. अभिमान असा लपवायचा असतो हे मला तेव्हा वाटायचं, आणि मला तो कधीच लपवता आला नाही, मी शाळेत सांगत सुटायचे की अर्ध्या गावाचं हसू आमच्या घरात बनतं. मुलं म्हणायची, मग तुझं का नाही नीट बनवलं?

तर मी म्हाताऱ्यासमोर बसलेले आणि डोक्यात हे सगळं. आणि आधी राग आला. कुणावर ते कळलं नाही. दीडशे वर्षांचं ते हसू, ज्याच्यावर मी जीव टाकला होता, ते आमच्या घरच्या टेबलावर, मेणाच्या वासात, आई आत पोळ्या लाटत असताना झालं असेल? मग वाटलं, छे, वेडी आहेस. कललेला दात कुणालाही कोरता येतो. चीनमध्ये माणसांना वाकडे दात नव्हते का? आणि तसंही, ओळखीवर रिपोर्ट चालत नाही. मला वाटतं ह्याला पुरावा म्हणत नाहीत. बाईंनी विचारलं, कशावरून, तर काय सांगणार, माझ्या तोंडावरून?

मग मी शोधायला बसले. जबडा नंतरचा असेल तर जोड असेल. जोड असेल तर दिसेल. निळ्या दिव्याखाली धरला, अंधार करून. हस्तिदंत त्या दिव्यात निळसर पांढरा उजळतो, राळ आणि डिंक वेगळे दिसतात, डाग पडल्यासारखे. म्हातारा सगळा सारखा उजळला, जबड्यासकट, दाढीसकट. कुठे डाग नाही. अंधारात उजळलेला तो हसताना भीती वाटली जरा, पण त्याच वेळी छातीत काहीतरी फुगायला लागलं. म्हणजे प्लास्टिक नाही वापरलं बाबांनी. दाताला दातच वापरला. मग भिंगाने गालावरच्या सुरकुत्या बघितल्या, एकेक. जोड असलाच तर सुरकुतीत लपवला असेल, मिशीच्या सावलीत. प्रत्येक सुरकुती खालपर्यंत बघितली. त्यांतली कुठलीतरी एक जोडाची असणार, पण कुठली ते त्या सांगत नव्हत्या. मळसुद्धा बरोब्बर त्याच रंगाचा. चहा पाजला असेल त्यांनी त्याला, फडक्याने, दिवसेंदिवस, मला माहितीय ते कसे पाजतात. प्रकाश तिरका टाकला, नखाच्या टोकाने हलकंच वाजवून बघितलं, ओठाला लावला, कपाळ आणि हनुवटी, थंडपणा सारखा, ऊब घेण्याचा वेग सारखा. काही नाही. काहीच नाही! आणि प्रत्येक वेळी काही सापडलं नाही की मी खचायचे आणि प्रत्येक वेळी मनात कुणीतरी टाळ्या वाजवायचं. सापडू नकोस. सापड. सापडू नकोस. माझी सही, माझी एकटीची सही, आणि तिच्यासमोर माझे बाबा, कितीतरी वर्षांपूर्वीच येऊन उभे राहिलेले, ओठ न हलवता म्हणतायत, बघू नकोस.

शेजारच्या टेबलावरचा घड्याळवाला, आमच्याकडे जुनी घड्याळं बघतो तो, म्हणाला, "काय गं, लग्न ठरवतेयस का त्याच्याशी? सकाळपासून तोंडात तोंड घालून बसलीयस." मी म्हटलं, "वय जास्त आहे, पण दात सगळे आहेत." तो हसला आणि त्याच क्षणी, त्याच्या हसण्याकडे बघताना, मला सुचलं. माणूस हसला की जीभ दिसते. जिभेखाली काय असतं? तळ. आडवा, सपाट तळ. जाळी आडव्या कापातच दिसते. तळाला बघितली, डोक्यावर बघितली, पण तोंडाच्या आत कोण बघतं?

मोठं यंत्र लावलं, ज्यातून दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. म्हाताऱ्याला आडवं झोपवलं, मऊ कापडावर, मान मागे, अगदी दवाखान्यात झोपवतात तसं. केसाएवढ्या दिव्याची वायर तोंडात सोडली. जीभ इवलीशी, किंचित उचललेली, आणि तिच्याखाली मोहरीएवढी जागा, जी कुणाला कधीच दिसणार नव्हती आणि तरीही गुळगुळीत केलेली होती. आणि तिथे जाळी नव्हती. रेषा होत्या, पण छेदणाऱ्या नाहीत. बारीक, दाट, एकीला एक लागून, वळत वळत जाणाऱ्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. हत्ती नाही. पाणघोडा. जबडा पाणघोड्याच्या दाताचा होता.

मी किंचाळले बहुतेक. घड्याळवाला धावत आला, म्हणाला, "चावला की काय?"

संध्याकाळी मी घरी बाबांच्या लॅबमध्ये, म्हणजे त्यांच्या कवळ्यांच्या खोलीत, गेले. मूर्ती ऑफिसबाहेर नेता येत नाही, मी फोटो नेला, नुसत्या तोंडाचा, मोठा करून छापलेला, बाकी काही नाही. बाबा मोटरवर एक कवळी घासत होते. मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मोटर बंद केली, चष्मा वर सरकवला, आणि बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी त्या चेहऱ्याकडे भिंगाने बघावं तसं बघत होते.

"कुणाचं तोंड हे?" ते म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"मी तोंडं विसरतो. तुला माहितीय." मग फोटो जरा लांब धरून, "काम चांगलंय पण."

"चांगलंय?"

"बरंय. वरची ओळ कुणीतरी दुसऱ्याने केलीय. हात कडक आहे त्याचा. खालचा जो आहे ना, त्याला तोंड कळतं." आणि मोटर पुन्हा सुरू केली. मी प्लग काढला.

"बाबा, पाणघोडा कुठून आणलात?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. हरलो की जिंकलो हे ठरवता येत नाही अशा माणसाचा. हातातली कवळी खाली ठेवली त्यांनी, पालथी, मग उचलून सुलटी.

"कसं कळलं?"

"तुम्ही सांगा आधी."

"नाही. तू सांग. जोड दिसला?"

"नाही दिसला."

"दिव्यात उमटला?"

"नाही."

"मग?" आणि आवाज असा चढला की बाजूच्या खोलीतून आई म्हणाली, काय झालं? "मग कसं कळलं?"

"जिभेखाली बघितलं."

"जिभेखाली." ते स्टुलावर बसले. "जिभेखाली कोण बघतं?"

"मी बघते."

आणि मग ते हसायला लागले. तुम्ही बाबांना ओळखता, ते हसत नाहीत फारसे, दुसऱ्यांचं हसू करून करून त्यांचं संपलंय असं आई म्हणते. पण हसले, खांदे हलवत, डोळ्यात पाणी येईपर्यंत. "एवढ्या वर्षांत कुणाला... खुद्द डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं होतं, म्हणाले, अरे, मीच विसरलो कुठे तुटला होता. आणि हिने जिभेखाली..." मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यात, कारण सांगायची सवयच नाही. डॉक्टरांच्या हातून पडला होता. पुसताना. जबडा दाढीसकट उडाला आणि फरशीवर चुरा झाला. बायकोने प्रेमाने दिलेली भेट होती ती, तिच्या वडिलांकडून आलेली. तिला कळता कामा नये. बाबांच्या गुरूंनी त्यांना एक जुनी कवळी दिली होती, फार जुनी, प्लास्टिकच्याही आधीची, पाणघोड्याच्या दातातून कोरलेली, आठवण म्हणून. त्यातला एक तुकडा त्यांनी कापला.

"गुरूंची?" मी म्हटलं.

"मग काय, हत्ती आणायला जाऊ? आणि दाताला दातच लागतो, बाळा. दुसरं काही लावलं असतं तर त्याचं हसू गेलं असतं." मग मोटरचं चाक हाताने फिरवत म्हणाले, "शब्द दिला होता मी डॉक्टरांना. कुणाला सांगणार नाही."

"डॉक्टर गेले, बाबा."

"ते गेले. शब्द कुठे गेला?"

"मला रिपोर्ट लिहायचाय. माझी सही आहे खाली. एकटीची."

"मग लिही ना." इतक्या सहज म्हणाले. "जे दिसलं ते लिही. तू पकडलंस. तुझं आहे ते. माझं नाव मात्र कुठे येता कामा नये, ना बोलण्यात ना कागदावर. मी विसरलेलो आहे." तर तुम्हीही हे ऐकून विसरायचं. आणि बाबांनी प्लग माझ्या हातातून घेऊन पुन्हा लावला. मी दारापर्यंत गेले तर मागून मोटरच्या आवाजातून ओरडले, "जीभ कशी वाटली?"

"काय?"

"जीभ! जीभ कठीण गेली होती मला!"

"मस्तय!"

त्यांनी मान खाली घातली, पण कानापर्यंत लाल झालेले दिसले मला.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसले. सोपं होतं हो. हस्तिदंत, हत्तीचा, चिनी काम, अमुक काळ. खालचा जबडा, दात व दाढी नंतर बसवलेली, पाणघोड्याच्या दाताची, पुरावा जिभेखालील रेषा, फोटो सोबत. 'दुरुस्ती' असा छापील शब्द होता फॉर्मवर, तो मी खोडला आणि 'बसवलेली' लिहिलं, कारण दात बसवतात, दुरुस्त करत नाहीत. पुढे लिहिलं, कारागिरी मूळ कामाच्या तोडीची, काही बाबतीत सरस. 'काही बाबतीत' खोडावंसं वाटलं, पण ठेवलं. डॉक्टरीणबाईंचं काय, ते डोक्यात होतंच. त्यांना आधी भेटून सांगितलं, जबडा नंतरचा आहे, एवढंच. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाडला होता ह्यांनी!" आणि असा आनंद झाला त्यांना, विचारू नका, जसं यजमान पुन्हा एकदा रंगेहाथ सापडले. "तरीच एक महिना मला दवाखान्यात येऊ देत नव्हते, रंग देतोय म्हणे!" मग म्हणाल्या, आतली खोली तर आतली खोली, अभ्यास तरी होईल ह्यांच्या चुकीचा.

आणि मग एक रकाना उरला. मूळ कामाचा कारागीर, अज्ञात. ते लिहिलं. बसवलेल्या भागाचा कारागीर. पेन टेकवलं. अ लिहायला. आणि हात चालेना. बघा, आमच्याकडे प्रत्येक रिपोर्टवर हा शब्द असतो. बुद्ध असो, देवी असो, मासा असो, कारागीर अज्ञात. मी किती वेळा लिहिलाय, काही वाटलं नाही कधी. बाईंना नियम माहीत, मला माहीत, अज्ञात लिहिलं की झालं, सही करायची, शेपटी जिथे थांबवायची तिथे थांबवायची, रिपोर्ट माझा. आणि दुसराही नियम माहीत होता. कारागिराबद्दल तुम्हाला स्वतःला काही ठाऊक असेल, वस्तूतून नाही तर ओळखीतून, तर एकट्याची सही बाद. दुसऱ्या कुणीतरी सगळं पुन्हा तपासायचं आणि वर सही करायची. बरोबरच नियम आहे. मी बाबांचं नाव लिहिणारच नव्हते, शब्द होता. मग अज्ञात लिहायला काय जात होतं? काही नाही. पण मला तो स्टुलावर बसलेला माणूस दिसत होता, कानापर्यंत लाल, आणि हा शब्द त्याच्यावर माती टाकल्यासारखा वाटत होता. अज्ञात म्हणजे कुणीतरी होता. होता! तो आत्ता या क्षणी कुणाच्या तरी तोंडाचा साचा हातात धरून मान तिरकी करून बघत असेल.

मी लिहिलं. कागद बाईंकडे नेला. बाईंनी उभ्याउभ्या वाचला, मान डोलवत, जिभेखालच्या रेषांशी थांबल्या, भुवई उंचावली, म्हणजे शाबास, त्यांच्याकडून एवढंच मिळतं. मग खाली आल्या. शेवटच्या रकान्याशी.

"हे काय आहे?"

"काय, बाई?"

"कारागीर, हयात." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नाव नाही, गाव नाही, नुसतं हयात?"

"हो."

"हे तुला मूर्तीतून कळलं?"

"नाही."

"मग ही सही तुझी एकटीची राहत नाही. कळतंय ना तुला? अज्ञात लिहिलं असतंस तर मी विचारलंही नसतं."

"माहितीय."

"तरी?"

"तरी." मला खरंच वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. उलट असं वाटत होतं की मी काहीतरी डोक्यावर घेऊन उभी आहे आणि ते जड नाहीये.

बाई बसल्या, मूर्ती मागवली, यंत्र ओढलं, आणि जिभेखाली बघायला लागल्या. किती वेळ बघत होत्या. वर आल्या तेव्हा डोळ्यांभोवती यंत्राच्या कड्यांचे वळ उठले होते. म्हणाल्या, "कोण आहे हा माणूस?"

"सांगता येत नाही, बाई."

"अजून काम करतो?"

"रोज."

"हं." बाईंनी पेन घेतलं. वरच्या रेघेवर त्यांची सही केली, भराभर, नेहमीसारखी, वाचता न येणारी. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. लहान रेघ होती. मी एवढी वर्षं घोटलेली सही तिच्यात मावेना, शेपटी कापावी लागली. दुसरी सही आहे माझी, म्हणा तुम्ही दुसरी, मला चालेल. पण जाऊन बघा आमच्या कपाटात, एवढे कागद आहेत, एवढे कारागीर, सगळ्यांच्या नावाला तो एकच शब्द. एका ठिकाणी दुसरा आहे, आणि त्यावर बाईंचीसुद्धा सही आहे.